सुरनिसांच्या गावातला रिकामा माणूस

फिरावयास निघालेल्या मनुष्याची पुणे शहरात एक स्वतंत्र जात मानलेली आहे. त्याच्या पायात कापडी बूट असतात, तो भल्या पहाटे पर्वती चढतो किंवा सायंकाळी कालव्याच्या काठाने जातो, आणि वाटेत भेटणाऱ्याने "काय, फिरायला?" असे विचारले असता "हो, जरा फिरायला" एवढे बोलला की उभय पक्षांचे समाधान होऊन व्यवहार पुरा होतो, कोठून निघालात, कोठे जाणार आणि मुळात निघालातच का, असला मूलगामी तपास करण्याची तेथे कोणास फुरसत नसते. पुण्याच्या दक्षिणेस पन्नास-एक किलोमीटरवर, नीरा नदीच्या काठी, भोर नावाचे जे गाव वसलेले आहे, तेथे ही जात अद्याप पोहोचलेली नाही. भोरात चालणारा मनुष्य कोणाच्या तरी घरी, कशाच्या तरी निमित्ताने, बहुधा हातात पिशवी घेऊन चाललेला असतो. ज्याच्या हातात पिशवी नाही आणि जिभेवर निमित्त नाही, त्याची नोंद कोणत्या रकान्यात करावी याचा निर्णय लागेपर्यंत गाव त्यास पुढे सरकू देत नाही.

यात गावाचा दोष नाही. दोष असलाच तर तो अष्टप्रधान मंडळाचा आहे. त्या मंडळात सचिव, ज्यास फारसी दफ्तरी भाषेत सुरनीस म्हणत, तो एक प्रधान असे, आणि राजाच्या नावे निघणारा प्रत्येक कागद वाचून पाहावा, अधिक-उणे आढळेल ते दुरुस्त करावे, महाल-परगण्यांचे हिशेब तपासावेत, हे त्याचे काम असे. १६९७ साली राजाराम महाराजांनी हे पद शंकराजी नारायण यांस दिले, आणि पदाबरोबर त्यांच्या घराण्यात चालत आलेला मुलूख पंतसचिवांचे भोर संस्थान म्हणून पुढे नावारूपास आला. इंग्रजी अमलात या संस्थानिकांस नऊ तोफांच्या सलामीचा मान होता. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले, तोफा निमाल्या, सनदा पेट्यांत गेल्या, राजश्रिया विराजित आदी मायने कागदावरून उतरले. तपासणी मात्र कोणत्याही विलीनीकरणाच्या करारात समाविष्ट नसल्यामुळे जागच्या जागी राहिली. ज्या गावाच्या धन्याचा वंशपरंपरागत हुद्दाच मुळी 'तपासून पाहणारा' असा, त्या गावच्या ओट्यावर बसलेल्या वृद्धाने समोरून जाणाऱ्या अनोळखी इसमास न तपासता सोडून द्यावे, अशी अपेक्षा करणे हे बेशिस्तीस उत्तेजन देण्यासारखे होईल.

जुन्या पेठेतील आळीत शिरलो, तेव्हा पहिल्याच ओट्यावर असे एक सुरनीस पानाचा डबा पुढ्यात घेऊन बसलेले होते.

"पाव्हणं, कुणाकडं?"

"कुणाकडे नाही, आजोबा. जुनी घरं बघत चाललोय."

"जुनी घरं? कुणाची?"

"कुणाची म्हणून नाही. सगळ्यांचीच."

सगळ्यांचीच घरे पाहणारा मनुष्य, असे म्हटल्याबरोबर त्यांच्या चर्येवर एक सरकारी छाया पसरली. त्यांनी पान जुळविण्याचे थांबविले, माझ्या खिशातील वहीकडे दृष्टी टाकली आणि आवाज अर्ध्यावर आणून विचारले, "घरपट्टी वाढणार का?" मी तसल्या कोणत्याही खात्यातर्फे आलेलो नाही, हे मी परोपरीने सांगितले, परंतु खात्यातर्फे आलेला मनुष्य नेमके असेच सांगतो, हा त्यांचा अनुभव माझ्या शब्दाहून जुना होता. तेव्हा माझे म्हणणे ऐकून न ऐकल्यासारखे करून, हातातल्या अडकित्त्यानेच समोरच्या घराकडे निर्देश करीत ते म्हणाले, "आमचं सोडा, आमचं बापजाद्याचं हाय. ह्या समोरच्याची मोरी तेवढी टेप लावून बघा. हातभर रस्त्यात आलीया."

समोरच्या घराच्या खिडकीतून एक काकू हा सर्व संवाद ऐकत होत्या, हे मला नंतर समजले. कारण पुढच्या वळणावर पोचण्याच्या आत माझी कीर्ती माझ्या पुढे धावत गेली होती, आणि त्या वळणावरचा ओटा "मोरीची तक्रार कुणी केली?" या प्रश्नाने माझे स्वागत करण्यास सज्ज होता. पुढे अर्ध्या आळीत आडनाव, मूळ गाव, कुळाचार, आजोळ आणि सासुरवाड अशा क्रमाने माझा पंचनामा होऊन, अखेरीस वाईच्या कोणा चुलत मेहुण्याच्या शेजारात माझी पाळेमुळे सापडली, तेव्हा कोठे चहा आला. चहा घेतल्यावर मात्र मी घरे पाहतो की उन्हात उभा राहतो, याविषयी कोणासही काही वाटेनासे झाले. गावाचा आक्षेप माझ्या चालण्यास नव्हता; केवळ फेरिस्तीत नाव नसताना चालण्यास होता.

घरे मात्र पाहण्यासारखी आहेत. घडीव दगडांची जोती, त्यांवर पक्क्या विटांची भिंत, सागवानी खांब, खांबावर कोरीव हस्त, तुळया, कडीपाट, ओसरीच्या भिंतीत दिव्यासाठी ठेवलेल्या महिरपी देवळ्या, आणि प्रशस्त दरवाजाच्या पोटात वाकून जाण्यापुरती दिंडी: ज्याने प्रथम अशी दिंडी योजिली, त्याचा मनुष्यस्वभावाचा अभ्यास दांडगा असला पाहिजे, कारण कितीही ताठ मानेचा पाहुणा असो, घरात शिरताना त्याला मान लववावीच लागते, आणि यजमानास मुजरा मागण्याचे श्रम पडत नाहीत. या वाड्यांचे आजचे स्वरूप पाहावयाचे तर ते रस्त्यावरूनच समोरासमोर पाहावे. एकाच वाड्याच्या दर्शनी बाजूस डाव्या हातास मंगलोरी कौले, मधोमध पत्रा आणि उजव्या हातास सिमेंटचा स्लॅब असे तीन काळ एका ओळीत उभे असतात. ते स्थापत्याचे तीन काळ नसून तीन भावांचे वाटे असतात. स्लॅबवाल्याच्या खाली मोबाइलच्या दुकानाचे शटर असते, पत्रेवाल्याचे पाडापाडीतून वाचलेले दोन खांब पत्र्याखाली संकोचून उभे असतात, आणि कौलवाला पुण्यास असतो.

सर्वांत अवलोकनीय ते सामायिक वाडे. अशा एका वाड्याच्या दिंडीस मी एकाखाली एक अशी तीन कुलपे पाहिली. एका वारसाने कुलूप लावले, दुसऱ्याने त्याच्या सचोटीविषयी शंका येऊन आपले लावले, आणि तिसऱ्याने दोघांच्या एकोप्याविषयी शंका येऊन आपले लावले, अशी हकीकत शेजाऱ्यांनी सांगितली. तिघे तीन शहरांत असून तिन्ही किल्ल्या एका वेळी भोरात येण्याचा योग अद्याप जुळून आलेला नाही. आत मात्र एका पिंपळाने माजघरात मूळ धरून, पहिला मजला ओलांडून, छपरातून डोके बाहेर काढलेले आहे. उघड, निर्वेध आणि अखंड असा बारा वर्षांहून अधिक कब्जा सिद्ध झाल्यास मूळ मालकाचा दावा मुदतीबाहेर जातो, हे कायद्याचे तत्त्व वृक्षांस लागू असते, तर त्या वाड्याच्या मालमत्ता पत्रकावर आज पिंपळाचे नाव लागले असते, आणि फेरफारास हरकत घेण्यापुरते तरी तिघे भाऊ एकत्र आले असते.

राजवाड्याची कथा निराळी. एकोणिसाव्या शतकात बांधलेली ती भव्य वास्तू चौक, सज्जे आणि लाकडी कामासह पुष्कळशी शाबूत आहे. रामनवमीचा उत्सव तेथे आजही होतो, आणि उरलेल्या दिवसांत ती मुंबईच्या चित्रपटवाल्यांस उपयोगी पडते. ऐतिहासिक कथानकाच्या निर्मात्यास दिल्ली, सातारा, पुणे वा झाशी, जे शहर हवे असेल ते या चौकात उभे करून मिळते. यायोगे भोरकरांच्या अंगी एक दुर्मीळ अलिप्तता बाणलेली आहे. बाजारात भाजी निवडताना एखादा गृहस्थ सहज सांगतो की आपण मराठ्यांच्या बाजूने दोनदा आणि मोगलांच्या बाजूने एकदा लढलो, मोगलांकडचे जेवण बरे होते. रोज आणि जेवणाचा डबा या बोलीवर दरबारात उभ्या राहिलेल्या एका वयस्क गृहस्थास, पंचविशीतला एक साहाय्यक दिग्दर्शक कानास यंत्र लावून मुजरा कसा करावा हे शिकवीत होता, ही हकीकत मला तेथेच ऐकावयास मिळाली. गृहस्थाचे पणजोबा संस्थानच्या चाकरीत होते आणि याच पायऱ्यांवर त्यांनी उभा जन्म मुजरे घातले होते. गृहस्थाने शिकविल्याप्रमाणे चुकीचा मुजरा निमूटपणे केला. "पगार देणाऱ्याचा मुजरा," असे त्यावर त्याचे भाष्य होते, आणि संस्थानी राजनीतीचा एवढा संक्षिप्त सारांश मी अन्यत्र वाचलेला नाही.

या चित्रपटांमुळे रिकाम्या माणसाची अडचण मात्र वाढली आहे. गळ्यात कॅमेरा अडकवून आपण एखाद्या दिंडीसमोर क्षणभर थबकलो की आतून मालक बाहेर येऊन "पिक्चरचं आहे का?" असे विचारतात, आणि आपण नकारार्थी मान हलविण्याच्या आत वाड्याच्या गुणांची यादी सुरू होते: चौक आहे, तुळशीवृंदावन आहे, परसात आड आहे, "आत उडी टाकायचा सीन असेल तर पाणीही आहे."

घरांपेक्षा देवळे अधिक असहाय आहेत. घराचे वारस भांडतात म्हणून घर निदान जुने राहते. देवळास वारस नसून विश्वस्त असतात, आणि त्यांचे आपसांत एकमत होऊ शकते. एकमत झाले की रंगाचा डबा येतो. शिल्पकाराने ज्या पाषाणावर आयुष्य वेचले, त्यास कमरेपर्यंत तपकिरी आणि वर आकाशी तैलरंग चढतो. डब्यात रंग उरला म्हणून दीपमाळ, दीपमाळेनंतरही उरला म्हणून पार, आणि चंदेरी रंगाचा लहान डबा निराळा आणलेला असतो, त्यात नंदी न्हाऊन निघतो. पुढच्या वर्षी स्नानगृहाच्या फरशा गाभाऱ्यात येतात. ज्या देवळाचा काळ कोणास सांगता येत नाही ते पांडवांच्या नावावर मांडण्याचा जो शिरस्ता महाराष्ट्रभर आहे, तो या भागातही आहे. परंतु फरशा बसल्यावर तोही दाखला देता येत नाही, कारण पांडवांनी फरशा बसविल्या असे म्हणण्यास पुजारीही धजत नाही.

या संकटातून भोर तालुक्यात एक देऊळ निसटलेले आहे, ते कांबरे गावचे कांबरेश्वराचे. वेळवंडी नदीवर १९२८ साली पुऱ्या झालेल्या भाटघरच्या धरणाचे पाणी त्याच्यावर चढते आणि वर्षातील बहुतेक काळ हा देव जलाशयाच्या तळाशी राहतो. उन्हाळ्यात पाणी उतरले म्हणजे देऊळ वर येते, भाविक चिखल तुडवीत दर्शनास जातात, आणि पाऊस आला की देव पुनरपि अंतर्धान पावतो. तेवढ्या अल्प मुदतीत वर्गणी जमवून, दरपत्रके मागवून, रंग आणून तो वाळविणे कोणत्याही समितीस शक्य झालेले दिसत नाही. धरणाविषयी तालुक्यातील लोकांच्या मनात जो सल आहे तो मला ठाऊक आहे: डोंगर यांचे, बुडालेली जमीन यांची, आणि कालव्यांनी पाणी जाते ते खालच्या अंगास बारामती-फलटणच्या उसाला. त्या तक्रारीत तथ्य आहे. तथापि धरणाच्या जमेच्या बाजूस हे एक देऊळ मांडावे, अशी माझी नम्र सूचना आहे.

नसरापूरच्या बनातला बनेश्वर हा दुसरा भाग्यवान. १७४९ साली नानासाहेब पेशव्यांनी तो बांधविला आणि त्यास ११,४२६ रुपये ८ आणे ६ पैसे खर्च आला, असे सांगतात. अकरा हजारांपुढचे ते सहा पैसे वाचून माझे मन भरून आले. देवास अर्पण करतानाही हिशेब चुकू न देणारा तो कारकून मला डोळ्यांसमोर दिसला. परंतु चार पैशांचा एक आणा होत असल्यामुळे, आठ आणे सहा पैसे म्हणजे सरळ नऊ आणे दोन पैसे होतात, आणि पेशव्यांच्या दफ्तरातला कारकून ते तसे लिहून ठेवील हे संभवत नाही. मूळ शब्द बहुधा पै असावा. हा आक्षेप मी तेथील बाकावर बसलेल्या एका सेवानिवृत्त गृहस्थांजवळ काढला, तेव्हा त्यांनी बोटांवर हिशेब करून पाहिला, गंभीर झाले, आणि "बोर्डाकडे कळवायला हवं" असे म्हणाले. कोणत्या बोर्डाकडे, ते त्यांनी सांगितले नाही. सुरनिसांचे रक्त नसरापुरापर्यंत पोचलेले आहे एवढे मात्र सिद्ध झाले.

याच देवळात एक घंटा आहे, तिच्यावर क्रूस कोरलेला असून १६८३ हा आकडा आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली, तेव्हाच्या लुटीतील घंटांपैकी ही एक. फिरंग्यांच्या प्रार्थनेस हाक देण्यासाठी ओतलेली ती घंटा इकडे शंकरास जागे करण्याच्या कामावर रुजू झाली, आणि आजतागायत त्याच नोकरीत आहे. परगावाहून, परधर्मातून, कोणाची ओळख नसताना आलेल्या या एकट्या पाहुणीला "कुणाकडं?" असा प्रश्न या तालुक्यात कधी कोणी विचारलेला नाही, याचे कारण मी शोधीत होतो, ती आल्या दिवसापासून कामाला लागली, हेच ते कारण असावे.

भोराहून रायरेश्वराच्या बाजूस आंबवडे आहे. तेथे नागेश्वराचे देऊळ, कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्या समाध्या, आणि स्वतः शंकराजी नारायणांचीही समाधी आहे. एवढ्या मोठ्या माणसांच्या सान्निध्यात फिरणाऱ्या मनुष्याने गंभीर राहावे हे उचित; परंतु वाटेत संस्थानी काळातला झुलता पूल लागतो, आणि त्यावर गंभीर राहणे कठीण आहे. मधोमध पोचल्यावर समोरून शेळ्यांचा कळप आला. शेळ्या रोजच्या वहिवाटीच्या. त्यांनी मला कठड्याशी उभे केले, एकेकीने माझी पिशवी हुंगून तपासली, आणि मगच पूल मोकळा झाला.

भोराच्या शेजारच्या वेल्ह्यास मात्र परिस्थिती नेमकी उलट आहे. चेलाडीच्या फाट्याहून नसरापूरमार्गे भातखाचरांमधून जो रस्ता जातो, तो तोरण्याच्या पायथ्याशी वेल्ह्यात संपतो असे म्हटले तरी चालेल, कारण पुढे डोंगर उभा असतो. शनिवार-रविवारी, विशेषतः आषाढ-श्रावणात, पुण्याची तरुण मंडळी रंगीबेरंगी रेनकोट घालून तेथे इतक्या संख्येने उतरतात की परक्या मनुष्याकडे पाहून वेल्हेकर मानसुद्धा वर करीत नाहीत. येथे रकाना एकच आहे, आणि तो छापून तयार आहे: किल्ला. खाचरात आवणी करणाऱ्या बायका डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेऊन, पाण्यात वाकून, हात न थांबविता "वाट त्या अंगानं" एवढे सांगून मोकळ्या होतात. मी गाव बघायला आलो आहे, वर जाणार नाही, असे एका मावशींस सांगितले, तेव्हा मात्र रोपाची मूठ हातातच राहिली. १,४०३ मीटर उंचीचा, जिल्ह्यातील सर्वांत उंच किल्ला डोक्यावर असताना खालची घरे पाहत फिरणाऱ्या पुरुषाकडे त्यांनी कणवेने पाहिले आणि विचारले, "गुडघं धरल्यात व्हय?" मी नाही म्हणालो. "मग घरचं नगं म्हणालं आसतील," असा निकाल देऊन त्यांनी प्रकरण मिटविले. मेंगाई देवीचे एक ठाणे गडावर आणि एक गावात आहे. गुडघे धरलेल्यांची सोय देवीनेही केलेली आहे, असे त्या जाता जाता म्हणाल्या.

तालुक्याच्या नावाचेही एक प्रकरण आहे. अलीकडे शासनाने वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव दिले. हे नाव नवे नाही: संस्थानाच्या काळी विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, सुधागड आणि पवनमावळ असे पाच तालुके होते, आणि त्यांतील प्रचंडगड म्हणजेच तोरणा, ज्याच्या पायथ्याशी हे ठाणे आहे. आता कचेरी तोरण्याच्या सावलीत, पाटी राजगडाची, आणि बाजारात विचारावे तर सर्वांच्या तोंडी वेल्हे. तोरण्याने या बाबतीत अद्याप हरकत नोंदविलेली नाही.

येथली घरे वाडे नव्हेत. मातीच्या भिंती, उतरते कौलारू छप्पर, पुढे शेणाने सारवलेला ओटा, आत भाताची कणगी, वर माळ्यावर अवजारे आणि इरली, एका बाजूस गोठा. पावसाने भिंत खचू नये म्हणून तिला पेंढ्याची झडप लावलेली. ती पाहावयाची तर लवकर पाहावीत. कारण रस्त्याच्या दुतर्फा एक नवे पीक उगवलेले आहे, ते म्हणजे फार्म हाउस आणि एन.ए. प्लॉटच्या पाट्यांचे. पाटीवर धबधबा असतो, किल्ला असतो, हसणारे कुटुंब असते. ज्याची जमीन तो शेतकरी तेवढा नसतो. या पाट्यांमुळे रिकाम्या माणसासाठी भोर-वेल्ह्यात आता एक नवा रकाना तयार झाला असून, चारचाकीतून उतरून कोणत्याही जुन्या घराकडे अर्धा मिनिट टक लावून पाहिले की चहाच्या टपरीवरून कोणीतरी उठतो, खिशातून सातबाऱ्याची झेरॉक्स काढतो आणि "साहेब, नदी-टच बघायचं का रोड-टच?" असे विचारतो. घरपट्टीचा कारकून ठरणे मला मानवले, चित्रपटवाला ठरणेही मानवले. परंतु त्या मावशींच्या खाचरावर डोळा ठेवून आलेला साहेब ठरणे मला सोसले नाही. म्हणून या बाजूस जाणाऱ्यांस एवढेच सांगतो की स्वारगेटावरून एस.टी.ने जावे. एस.टी.तून उतरलेल्या माणसास कोणी प्लॉट दाखवीत नाही.